एक झोत आखूड

९ सप्टेंबर

रूल्फीन ओस्टिंग-हाडर्स,

तुझे पूर्ण नाव लिहून आरंभ करीत आहे, कारण मृत व्यक्तीस कसे संबोधावे याविषयी कोणताही निश्चित संकेत मला आढळला नाही. आपल्या बेचाळीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहिण्याचा प्रसंग आला नाही. तू नेहमी शेजारच्या खोलीत असायचीस. आता शेजारच्या खोलीत कोणी नाही. म्हणून ही दैनंदिनी.

आज एख्बर्ट येऊन गेला. माळावरची जुनी रेडिओ दुर्बीण सांभाळणाऱ्या मंडळाचा तो अध्यक्ष आहे, हे तुला ठाऊक आहे. परंतु तो स्वतः ते दर पाच मिनिटांनी सांगतो, म्हणून मीही नोंदवितो.

"हे बघ वारमोल्ट, घाई अजिबात नाही," तो म्हणाला, आणि त्याच श्वासात पुढे म्हणाला, "पण दुर्बिणीशेजारच्या खोलीच्या किल्ल्या रूल्फीनकडे होत्या. जून गेला, जुलै गेला..."

"कॅलेंडर माझ्याकडेही आहे," मी म्हणालो.

मग तो मुद्द्यावर आला. बारा ऑक्टोबरला दुर्बीण पाहण्यासाठी सर्वांना मोकळा प्रवेश असतो. त्या दिवसाकरिता तू लोकरीची महाकाय रेडिओ दीर्घिका विणत होतीस. तिच्याऐवजी एक मोठा डिजिटल पडदा भाड्याने आणावा, असे अध्यक्षांच्या मनात आहे.

"त्यावर दीर्घिका गरगर फिरते, दोन्हीकडे झोत सुटतात. आवाजसुद्धा येतो!"

"अवकाशात आवाज नसतो."

"लोकांना लागतो ना रे पण."

"आणि रूल्फीनची दीर्घिका?"

त्याने टोपी हातात फिरविली. "ती राहिली की रे अर्धवट. एक बाजू आखूडच आहे. तशी मांडली तर लोक काय म्हणतील? तिलाच कमीपणा."

रूल्फीन, तुझ्या कामास कोणी कमीपणा म्हटल्याचे मी यापूर्वी ऐकलेले नाही. दीर्घिका पूर्ण होईल, ठरल्या दिवशी मांडली जाईल आणि त्याच संध्याकाळी किल्ल्या परत मिळतील, असे मी त्यास सांगितले. तो गेल्यावर, विणकामास सुया दोन लागतात की चार, याचा विचार करीत बसलो.

११ सप्टेंबर

तुझी दीर्घिका टोपलीतून काढून दिवाणखान्यात वळणे देत पसरली व फितीने मोजली. मधली पांढरी तबकडी पंचवीस सेंटिमीटर; ही म्हणजे आपल्या आकाशगंगेएवढी एक दीर्घिका, असे तू मला जेवताना सांगितले होतेस. तिच्या मध्यभागी काळे बटण, ते कृष्णविवर. बटणाच्या दोन्ही अंगांनी दोन झोत. एक साडेसात मीटर. दुसरा पाच मीटर. दोन्हींच्या टोकांना मोठे फुगवटे. आखूड बाजूचा अधिक दाट, गाठाळ आणि चुरगळलेला.

मी पस्तीस वर्षे भूमापन खात्यात काढली. एकाच मध्यबिंदूपासून निघालेल्या दोन समान भुजांत अडीच मीटरांचा फरक आला, तर त्यास आमच्याकडे एकच शब्द आहे. तो येथे लिहीत नाही. वसंतात तुझे हात थरथरत असत. तू घाईने ती बाजू मिटवून टोक बंद केलेस, हे मी समजू शकतो. ही गोष्ट कोणासही कळणार नाही.

लोकर गडद हिरवी, जाड, उत्तम प्रतीची आहे. जुनी असावी, तिला पाइपच्या तंबाखूचा मंद वास येतो. कोठून मिळविलीस कोण जाणे. आपल्या घरात माझ्याखेरीज कोणी पाइप ओढत नाही. टोपलीच्या तळाशी तिचे आणखी गुंडे आहेत.

थंडी वाढली आहे. माझा हिरवा स्वेटर, जो घालून मी अर्धा प्रांत मोजला, कपाटात नाही.

१३ सप्टेंबर

लामी मागच्या दाराने आत आली. तिने दार ठोठावले नाही. भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण कधी ठोठावत नाही, आणि तुझ्या आजारपणात तर ती आपल्या स्वयंपाकघरात आपल्या दोघांहून अधिक असे. मला सुया घेऊन बसलेला पाहून ती तशीच उभी राहिली.

"वारमोल्ट. काय चाललंय?"

"विणकाम."

"ते दिसतंय. म्हणजे, नाही दिसत. सुई आहे ती, जमिनीत ठोकायची खुंटी नाही! सोड. सैल धर. अजून सैल. अरे देवा, लग्नात रूल्फीनचा हात असाच धरला होतास, बोटं पांढरी पडली होती बिचारीची."

हे वर्णन अतिरंजित आहे. परंतु तिने माझ्यामागे उभे राहून दोन ओळी करवून घेतल्या: एक सुलट, एक उलट. मग तिचा नवरा हार्म तिला शोधत आला. माझे विणकाम त्याने हातात घेऊन ताणून पाहिले. ते ताणले गेले नाही.

"कृष्णविवर हेच का?" त्याने विचारले. "नाही, यातून प्रकाशसुद्धा सुटायचा नाही म्हणून म्हटलं."

माझा हिरवा स्वेटर कोठे दिसला काय, असे मी लामीस विचारले. तिला ठसका लागला. पाणी द्यावे लागले.

"नाही बाई," ती म्हणाली. "बघ की, असेल इथंच कुठंतरी. अगदी डोळ्यांपुढं."

कपाट पुन्हा पाहिले. नाही.

१७ सप्टेंबर

आखूड झोताचा फुगवटा आणि त्यामागचा मीटरभर भाग उसवला. चुकीच्या खांबापासून पुढे मोजत जाऊ नये. मागे जाऊन नव्याने आरंभ करावा, हा आमच्या खात्याचा नियम. तुझे टाके फार सहज सुटले. लोकरीला मात्र वळणे तशीच राहिली. गुंडाळून ठेवली तरी ती तुझ्या हाताप्रमाणे कुरळी होते.

दिवसभर अन्य काही केले नाही.

२० सप्टेंबर

टाके चोवीस असावयास हवेत. एकतीस आहेत. सात कोठून आले हे कळत नाही.

२४ सप्टेंबर

कॉफीस हार्म आला. हे झोत निघतात तरी कसे, असे त्याने विचारले. मी तुझी दोन पुस्तके वाचून टिपणे काढली होती, तदनुसार क्रमाने सांगितले. दीर्घिकेच्या पोटात एक अवजड कृष्णविवर असते. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू थेट आत पडत नाही. भोवती तबकडी करून फिरत राहतो व तापतो. त्या तबकडीबरोबर चुंबकीय बलरेषाही फिरतात, पीळ पडून आवळल्या जातात, आणि त्या पिळाच्या जोराने काही द्रव्य आत पडण्याऐवजी वरखाली, अक्षाच्या दोन्ही दिशांस, प्रकाशाच्या जवळपास वेगाने फेकले जाते.

हार्मने बिस्किट बुडवून खाल्ले. "म्हणजे खाणाराच फेकतो."

"अशा शब्दांत मी सांगणार नाही."

"माझी जुनी खतफवारणीची गाडी आठवते? शेण ओतायचं एका तोंडानं, उडायचं दोन्ही बाजूंना. एकदा चर्चच्या भिंतीवर गेलं होतं. रविवारी!"

"हार्म, हे विश्वातील सर्वांत मोठ्या वस्तूंपैकी एक आहे."

"गाडीपण मोठीच होती."

उपमा असभ्य आहे. रात्रभर दुसरी शोधली. याहून बिनचूक सापडली नाही. मात्र त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या टिपणांत नव्हते. बहुतेक झोत आपल्या दीर्घिकेच्या आसपासच विरतात. मग थोडेच इतके लांब का जातात? पुस्तके म्हणतात की त्यांचे इंजिन फार काळ चालले असावे, अथवा भोवतीची जागा फार विरळ असावी, अथवा दोन्ही. 'असावे' हा शब्द एका पानावर चार वेळा आहे. आमच्या खात्यात असे पान परत पाठविले असते.

नवा झोत साडेतीन मीटर विणून झाला. दोन्ही बाजू साडेसात मीटर झाल्या. फक्त नवा फुगवटा राहिला आहे. माझी बाजू थोडी आखडलेली दिसते. परंतु सममिती साधली.

२९ सप्टेंबर

आज पुढच्या दाराची घंटा वाजली. मी इतका दचकलो की सुई कॉफीत पडली. पुढच्या दाराची घंटा आपल्याकडे वाजवीत नाहीत, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. मी खिडकीतून ओरडून मागे यावयास सांगितले.

ती वीत्स्के होती. विद्यापीठातून येऊन तुझ्यासोबत दुर्बिणीची चित्रे पाहणारी तरुण संशोधिका. "माफ करा, मेनीर ओस्टिंग, मी आपली शहरातल्यासारखी घंटी वाजवली," ती म्हणाली. तिला कॉफी व एक बिस्किट दिले, आणि रीतीप्रमाणे डब्याचे झाकण लावले. मग दीर्घिका वळणे देत पसरून दाखविली. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली.

"आखूड बाजू कुठाय?"

"ती चूक होती. मी सुधारली."

ती खाली सतरंजीवर बसली.

"चूक नव्हती हो ती. ही आमची दीर्घिका आहे. रूल्फीन मावशींनी आणि मी शोधलेली. चित्रांत आम्हाला नुसते दोन पुसट फुगवटे दिसत होते, एकमेकांपासून इतके लांब की ते एकाच घरचे असतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. मधली दीर्घिका मावशींना सापडली. सगळे जण बरोबर मधोमध शोधत होते. त्या म्हणाल्या, मधोमध का? माझा नवरा जमीन मोजतो, दर वेळी म्हणतो की सीमेचा दगड कधी मधोमध नसतोच."

मी असे म्हणत असे. वारंवार.

"मग का आखूड?" मी विचारले.

"तिकडे गर्दी आहे. बऱ्याच दीर्घिका, त्यांच्यामध्ये दाट वायू. झोताला ढकलत ढकलत जावं लागलं, म्हणून तो तिथं अडला, फुगला, चुरगळला. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पोकळी. तिकडे तो सुसाट गेला. मावशींनी एकेक गाठ चित्रावरून मोजून घातली होती. टोकही मार्चमध्येच बंद केलं. मला फोन करून म्हणाल्या, संपली गं एकदाची."

ती अर्धवट नव्हती, रूल्फीन. ती पूर्ण होती.

तिने कपातला शेवटचा घोट घेतला व विचारले, "मी... आणखी एक बिस्किट घेतलं तर चालेल?" तेव्हा पाहिले. डबा माझ्या मांडीवर होता, झाकण जमिनीवर, आणि मी तीन खाल्ली होती.

३० सप्टेंबर

नोंद नाही.

२ ऑक्टोबर

लामीला सांगितले. ती ओरडेल असे वाटले होते. तिने माझ्या हातातून सुया घेतल्या, माझा झोत पाहिला आणि म्हणाली, "मग उसव."

"उसवता येईल. तिचे टाके परत येणार नाहीत."

"नाही येणार. पण हे बघ, इथपर्यंत चार मीटर तिचेच आहेत. पुढचं तुला करायचंय. वीत्स्केकडून चित्र घे. गाठी कुठं कुठं ते बघ."

"मला नीट गाठी येत नाहीत."

दारातून हार्म म्हणाला, "तुला नीट टाके येत नाहीत. गाठी तर मी पहिल्या दिवसापासून बघतोय."

वीत्स्केने चित्र पाठविले, सोबत तू तिला विचारून ठेवलेल्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तरही. अशा काही दीर्घिकांचे इंजिन मध्येच बंद पडते. त्यांस खाद्य पोहोचत नाही. झोत थांबतात, फुगवटे मात्र पुढे कोट्यवधी वर्षे मंद चमकत राहतात, आणि इथल्या माळावरच्या अँटेनांसारख्या कमी वारंवारतेच्या साधनांनाच ते दिसतात. कधी कधी इंजिन पुन्हा सुरू होते व जुन्या झोताच्या आतून एक नवा, आखूड झोत निघतो. वीत्स्केने लिहिले आहे की हे कशाने होते ते निश्चित ठाऊक नाही. बहुधा कोणीतरी जवळून जाते.

तांत्रिक माहिती म्हणून नोंदविली.

लामीने येताना वाटाण्याचे घट्ट सूप आणले होते. चमचा त्यात उभा राहतो. दोन वाडगे खाल्ले.

७ ऑक्टोबर

तुझा टाका संपून माझा सुरू होतो ती जागा दिसते. लामी म्हणते की ती आतून शिवून लपविता येईल. मी नको म्हणालो. सीमादगड लपवीत नाहीत.

फुगवटा सुरू केला. यात टाके निसटले तरी चालते. पहिल्यांदाच माझ्या स्वभावाविरुद्ध काही इतके सुलभ गेले.

९ ऑक्टोबर

संपूर्ण दीर्घिका सरळ ताणून पाहणे आवश्यक होते. साडेबारा मीटर. मागच्या दारापासून मोजल्यास आखूड बाजू स्वयंपाकघरातील गर्दीत बसते: कपाट, टेबल, लामी. तबकडी दिवाणखान्यात येते. लांब बाजू बोळातून पुढच्या दारावर जाऊन आदळते व तेथे तीन मीटर उरतात.

"दार उघड की," हार्म म्हणाला.

त्या दारातून तू दोनदा गेलीस. एकदा पांढऱ्या पोशाखात आत, आणि जूनमध्ये बाहेर, तेव्हा पेटीची पुढची बाजू हार्मने धरली होती.

"लग्न नाहीतर मयत," लामी हळूच म्हणाली. "तिसऱ्या कशाला उघडलेलं मी तरी नाही पाहिलं. माझ्या आईनंसुद्धा नाही."

"मला आता दोन्हींची घाई नाही," मी म्हणालो. हा विनोद होता असे त्या दोघांच्या हसण्यावरून उमगले.

बिजागरीस तेल द्यावे लागले. दार उघडले, वारा आत आला, आणि लांब झोत पायरीवरून बागेच्या वाटेवर उलगडत गेला. तिथे त्यास अडविणारे काही नव्हते. सायकलवरून जाणारा टपालवाला थांबला. "काय झालं? कोण गेलं?" त्याने टोपी काढून विचारले.

"कोणी नाही. दीर्घिका आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

१२ ऑक्टोबर

थंड, कोरडी हवा. माळावर सकाळपासून माणसे. त्यांच्या लहरी दुर्बिणीत शिरतात म्हणून सर्वांचे मोबाइल बंद करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. तो तुझा नियम आजही पाळला. अध्यक्षांनी स्वतः दारात उभे राहून आजीबाईंची श्रवणयंत्रेसुद्धा तपासली. आणि त्याच अध्यक्षांनी, रूल्फीन, दुर्बिणीपासून वीस पावलांवर दोन मीटरांचा भाड्याचा पडदा उभा केला होता.

दहा वाजता वीत्स्केने दुर्बीण आकाशाकडे वळविली, म्हणजे लोकांना कर्ण्यातून आकाशगंगेतील हायड्रोजनची मंद खसखस ऐकू यावी. ऐकू आली ती दाढी करण्याच्या यंत्रासारखी घरघर. वीत्स्केने दुर्बीण हलविली. घरघर हलली नाही. एख्बर्टने हात वर केले. "मंडळी, हा एक महत्त्वाचा क्षण असू शकतो!"

"तो पडदा आहे, मेनीर," वीत्स्के म्हणाली.

"कुठला पडदा?"

"तुमचा."

पडदा बंद केला. घरघर थांबली आणि खसखस आली. एख्बर्टने खात्री करण्याकरिता पुन्हा लावला, घरघर. असे त्याने चारदा केले. गर्दीतून हार्म म्हणाला, "आकाश ऐकायला जमलोय की तुझी दाढी?"

मग एख्बर्ट माझ्याजवळ आला. त्याचे कान लाल झाले होते. "वारमोल्ट, लोकर... लोकरीतून काही लहरीबिहरी निघत नाहीत ना?"

"माझ्या माहितीप्रमाणे नाहीत."

"मग आण बाबा. पसर."

लामीने आखूड टोक धरले, हार्मने लांब. तो माळावर चालत गेला आणि झोत उलगडत राहिला. मी मध्ये काळ्या बटणाजवळ उभा राहून क्रमाने सांगितले. इंजिनापर्यंत ठीक गेले. पुढे टिपणाचा कागद वाऱ्याने नेला, तेव्हा नाइलाजाने खतफवारणीच्या गाडीची उपमा दिली. लोक हसले आणि, मला वाटते, समजले.

मागून एका बाईंनी विचारले, "ही बाजू आखूड का? विणायची राहिली?"

एख्बर्टने माझ्याकडे पाहिले.

"नाही," मी म्हणालो. "राहिलेली नाही. तिकडे गर्दी आहे. माझ्या पत्नीने ती जशी आहे तशीच विणली होती. मध्यंतरी एका अडाण्याने ती बिघडविली. तुम्हाला जिथे टाके ओबडधोबड दिसतात तेथून पुढे त्याचे काम आहे. त्यापूर्वीचे सर्व बिनचूक आहे. पत्नीचे नाव रूल्फीन ओस्टिंग-हाडर्स."

नंतर मी वाकून काळे बटण सरळ करीत राहिलो. हार्मने दूरवरून ओरडून विचारले, "अजून ताणू का?" तेव्हा उभा राहिलो.

दुपारी वारा वाढला. लामी तिच्या टोकाशी कुडकुडत होती. "वारमोल्ट, तुला नाही वाजत थंडी? स्वेटर सापडला का तुझा?"

"नाही."

तिने मांडीवरच्या फुगवट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि डोळे पुसले. वारा फार होता. "सापडेल रे," ती म्हणाली. "सध्या हे पांघर." आणि तिने आखूड झोताचे टोक माझ्या खांद्यावर टाकले. आश्चर्य असे की ते मला अगदी मापात बसले. तंबाखूचा वास अजून गेलेला नाही.

संध्याकाळी दीर्घिका गुंडाळून दुर्बिणीच्या खोलीतील तुझ्या खुंटीवर ठेवली. तेथेच राहील, असे अध्यक्षांनी सर्वांसमक्ष जाहीर केले. निघताना त्याने मला बाजूला घेतले.

"शनिवारी कुणीतरी लागेल रे इथं. लोकांना दाखवायला. ती गाडीची गोष्ट सांगायला."

"ती गोष्ट मी पुन्हा सांगणार नाही."

"सांगशील. साडेनऊला ये, माझ्याकडून किल्ल्या घे. तुझ्या नावावर लिहून."

"साडेनऊला नाही," मी म्हणालो. "रूल्फीन नऊला उघडत असे."

हिरवा स्वेटर अद्याप सापडलेला नाही. खोलीची खिडकी लावली, दिवा मालविला, दारास कुलूप घातले. तुझ्या नावावरच्या किल्ल्या एख्बर्टकडे परत केल्या.